सुपारीचं पाणी

काचेच्या पेटीतल्या पाण्यात चार पांढरे किडे एका झिंग्याच्या पाठीवर चढले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि माझा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. झिंग्याने सकाळीच कात टाकली होती. अंग मऊ, नीट पळताही येईना. मी हातातल्या काठीने काचेवर ठोकलं, ओरडले. किडे हलले नाहीत. झिंगा थोडा उडाला, पुन्हा खाली बसला, मग कुशीवर पडला. खाटेपासून हातभर अंतरावर माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी त्याला खाल्लं. चांगला तासभर लागला. मी दुसरीकडे बघायचं म्हटलं तरी दुसरीकडे भिंत होती.

सुरतेत भेस्तानला आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद होती, जिन्यावर कोणीतरी पाणी सांडलं होतं, आणि मी पडले. डॉक्टर म्हणाले, दीड महिना पाय टेकायचा नाही. मुलगा मिलमध्ये, सून पर्वत पाटिया भागात साड्यांच्या गोदामात घड्या मारायला जाते. मला उठून कडी काढता येणार नाही म्हणून ती बाहेरून कुलूप लावी आणि किल्ली शेजारणीकडे देई. शेजारीण काठियावाडची. दुपारी एक वाजता कुलूप उघडून मला चहा द्यायची आणि पुन्हा लावून जायची.

मी सुनेला विचारलं, "आग लागली तर?"

"आत्या, जरा बरं बोला," ती म्हणाली, आणि कुलूप लावलं.

ती काचेची पेटी नातीची. नात नर्सिंग शिकायला नवसारीच्या हॉस्टेलवर गेली. जाताना पेटी माझ्या खाटेजवळच्या रॅकवर ठेवून गेली. आत चोवीस लाल झिंगे, बोटाच्या पेराएवढे. पाच-सहा गोगलगाई. झिंग्यांतली एक अंड्यांवर आलेली, पोटाखाली पिवळी अंडी धरून फिरायची. नातीचा सगळा जीव तिच्यात. पहिल्यांदाच अंडी धरली होती ना.

"आजी, हे खाणं चिमूटभर, दोन दिवसांआड. आणि चिमूट म्हणजे माझी, तुझी नाही."

तिने चिठ्ठी पण लिहून चिकटवली. मी चौथी शिकलेली आहे, मला वाचता येतं. वाचलं आणि ऐकलं नाही.

आमच्या बिल्डिंगमधल्या बाया सकाळी खाली झाडाजवळ मुंग्यांना पीठ-साखर घालतात. सुरतेत आल्यापासून मीही घालते. खाली जाणं बंद झालं, आणि घरात कोणी उपाशी असताना मी चहा पीत नाही. दोन दिवसांआड खाणं म्हणजे काय, एकादशी का? मी रोज सकाळी ज्वारीचं मूठभर पीठ पेटीत टाकायला लागले. थोडं झिंगे खात, बाकीचं खाली वाळूवर बसे.

दहा-बारा दिवसांनी काचेवर पांढरे दोरे दिसू लागले. सरपटत होते. चष्मा लावून बघितलं तर डोकं तिकोनी, त्याच्यावर दोन डोळे, तेही तिरळे. मला वाटलं, अंडी फुटली, पिल्लं झाली. मला आनंद झाला. पिल्लांसाठी मी पीठ वाढवलं.

आणि मग बुधवारी ती दुपार आली.

त्याच दिवशी मी अडकित्ता पाण्यात घालून ते किडे काचेवरच कापले. गावाकडे घोण दिसली की आम्ही तुकडे करायचो, विषय संपला. हात पोचला तितके कापले. तुकडे खाली पडले. मी हात पुसले आणि सुपारी खाल्ली. रात्री जेवताना सुनेला सांगितलं तर ती ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी तुकडे चालत होते. डोकं नसलेलेसुद्धा. मी नातीला फोन लावला.

"आजी, कापलेस? अगं, एकाचे दोन होतात त्यांचे! प्रत्येक तुकड्याला नवं डोकं फुटतं."

"मला कोण सांगणार? चिठ्ठीत लिहिलं होतंस?"

"चिठ्ठीत खाण्याचं लिहिलं होतं. किती घालत होतीस?"

मी सांगितलं. मग तिने विचारलं, अंडीवाली आहे का. आहे म्हटलं. तिचा आवाज रडका झाला. म्हणाली, उरलेल्या पिठावर वाढतात ते. औषध मिळतं, मी रविवारी घेऊन येते.

"रविवारपर्यंत काय ते उपास करणार? औषध कशाचं असतं?"

"असतं काहीतरी. सुपारीचा अर्क असतो त्यात."

"सुपारी तर माझ्या बटव्यात आहे."

"आजी, तू काही करू नकोस! प्रमाण चुकलं तर सगळे जातील. आणि गोगलगाई तर त्याने मरतातच, आधी काढाव्या लागतात."

मी फोन ठेवला. शुक्रवारी पहाटे तोच अडकित्ता घासून धुतला आणि साधी पांढरी सुपारी कातरली, भाजकी नाही. सुनेला उकळायला दिली.

"झिंग्यांना आता विडा खाऊ घालणार का आत्या?"

"तू उकळ. तुला मागत नाहीत ते."

जुन्या लुगड्याच्या फडक्यातून तिने पाणी गाळून दिलं आणि कुलूप लावून गेली. प्रमाण मला ठाऊक नव्हतं. म्हणून एका वाटीत पेटीतलं पाणी घेतलं, त्यात दोन किडे आणि एक झिंगा टाकला, आणि सुपारीचं पाणी अर्धा चमचा. तो झिंगा मेला असता तर मेला असता. बाराच्या आत किडे आकसून तळाला पडले. झिंगा वाटीत फिरत होता.

पेटीत तेव्हा अंडीवाली एका कोपऱ्यात होती आणि तीन किडे तिच्याकडे सरकत होते. गोगलगाई पलीकडच्या तळाशी. माझा हात तिथवर पोचत नव्हता. एक वाजता शेजारीण चहा घेऊन आली. मी म्हटलं, बाई, एवढ्या गोगलगाई काढून दे.

तिने पेटीत वाकून बघितलं. "मासी, आ तो जीवडां छे! हुं हाथ नहीं नाखुं."

"तुला चावत नाहीत ते."

"तोय नहीं."

किड्यांत हात घालायला ती तयार झालीच नाही; चहा ठेवला आणि कुलूप लावलं. संध्याकाळी सून आल्यावर तिने काढल्या असत्या. मी संध्याकाळची वाट बघितली नाही. वाटीच्या हिशेबाने चमच्या-चमच्याने सगळं पाणी ओतलं. पेटी चहासारखी झाली. मग खाटेवर पडून बघत राहिले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. किडे काचेवरून सुटून पडले. गोगलगाई शंखातून अर्ध्या बाहेर आल्या आणि तशाच राहिल्या. रात्री सुनेने नाक धरून अर्धं पाणी बदललं. तरी दोन दिवसांत आणखी झिंगे मेले, घाण पाण्याने असेल नाहीतर माझ्या औषधाने.

नात नंतर म्हणाली, आजी, तुला झिंग्यांची दया आली ना. दया नाही. मला राग आला होता. माझ्या हातचं पीठ खाऊन माजले होते ते किडे.

रविवारी ती आली, सॅक न उतरवता पेटीजवळ बसली आणि टॉर्च लावून मोजले. चोवीसपैकी अकरा झिंगे जिवंत होते. अंडीवाली त्यांत होती. गोगलगाय एकही नव्हती.