अव्वांनी उकडलेली अंडी

मुरुमहून अर्ध्या तासावर, कर्नाटकाच्या अंगाला असलेल्या एका गावात मी जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका होते. पोषण आहाराची खिचडी शिजवायला तिथं साठीच्या आसपासच्या एक विधवा बाई होत्या. लिंगायत. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या पेटीत इष्टलिंग. मुलं त्यांना अव्वा म्हणत, मग मीही म्हणायला लागले. मराठ्यांची, धनगरांची, मुसलमानांची, दलितांची, लिंगायतांची, सगळी पोरं त्यांच्या एकाच पातेल्यातलं जेवत. कुणाच्या ताटात कमी पडलंय, एवढंच अव्वा बघायच्या.

एका हिवाळ्यात सरकारी आदेश आला. आठवड्यातून एकदा मुलांना उकडलेलं अंडं द्यायचं, न खाणाऱ्याला केळं. कोण खातं, कोण खात नाही, ते पालकांना विचारून यादी करायची. यादी मीच केली. पुरी झाल्यावर वाचली, तर ती गावातल्या जातीधर्मांचीच यादी दिसत होती. मी सही करून ती वर पाठवली.

आता अंडी उकडायची कुणी? मदतनीस बाळंतपणाला माहेरी गेलेली. मी अव्वांना विचारलं.

"अव्वा, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मी वर कळवते."

"वर कळवून काय हुतंय? पोरांना मिळायची न्हाईत, एवढंच की."

अव्वांनी गळ्यातल्या पेटीला हात लावला.

"लिंग बांधलेल्या माणसाच्या हातनं हे हुत न्हाय, सरकारला ठावं न्हाय व्हय?"

"शिजवणारं कोण आहे, हे त्यांनी विचारलेलंच नाही."

अव्वा खिचडीचं पातेलं घासायला निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, घरून एक जुनं पातेलं घेऊन आल्या.

"ती तिसरीतली धनगराची पोरगी हाय न्हवं," त्या म्हणाल्या, "सकाळी उपाशी येती. अंगात काय न्हाय तिच्या. पाण्यात टाकायची आन् काढायची. देवाला कळतंय सगळं."

पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून त्यांनी अंडी उकडली. मग दर बुधवारी तेच. त्या दिवशी त्या शाळेत पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. घरी जाऊन आंघोळ, पूजा आणि मगच जेवण. मला हे बऱ्याच उशिरा कळलं. खरं तर मी कधी विचारलंच नव्हतं.

श्रावण आला. गावातल्या मठात श्रावणी सोमवारी दासोह असतो, सगळ्या गावाला जेवण. तिथली हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, कित्येक वर्षं अव्वांच्या हातची. पहिल्या सोमवारनंतर शाळेत तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मठात यंदा मला बसून खावा म्हणाले. अंड्याचा हात हाय म्हणून."

मी लगेच म्हणाले, "मी जाते मठात. सरकारचा आदेश होता म्हणून सांगते."

"नका जाऊ. आदेश तुमाला हुता, बाई. मला तुमीच इचारलं हुतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तांदळातला खडा काढून बाजूला ठेवावा तसं म्हणाल्या.

तरी मी गेले. मठाचा कारभार बघणाऱ्या वयस्कर गृहस्थांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. "अव्वांवर आमचा राग न्हाय," ते म्हणाले. "लई चांगलं माणूस. पण देवाच्या सैपाकाचा रिवाज हाय. आमी काय करावं?" मी आदेशाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि साधंच विचारलं, "मग बाई, तुमी दुसरं कुणी का न्हाय बघितलं?"

गावात अंडी उकडणाऱ्या बाया पुष्कळ होत्या. एकीलाही मी विचारलं नव्हतं. अव्वा रोज समोर होत्या आणि सहसा नाही म्हणत नसत. चहा तसाच ठेवून मी उठले.

काही महिन्यांनी दुसरा आदेश आला. अंड्यांसाठी सरकारचा निधी बंद. मी तो अव्वांना वाचून दाखवला. त्यांनी पातेल्यावरचा हात काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"मग आता मठात सांगू का, बंद झालं म्हणून?"

त्या सांगून आल्या. बघू म्हणाले, एवढंच मला म्हणाल्या.

पुढच्या श्रावणात हुग्गी दुसऱ्या बाईंनीच केली. त्या सोमवारी मी मुद्दाम मठात जेवायला गेले आणि पंगतीत अव्वांच्या शेजारी बसले. त्यांनी पहिला घास घेतला, जरा थांबल्या.

"गहू अजून शिजाय पायजे हुता," त्या हळूच म्हणाल्या. मग मान खाली घालून ताट स्वच्छ केलं, वाढायला आलेल्या मुलीला म्हणाल्या, "लई झ्याक झालीया ग."

त्या वर्षी माझी बदली झाली. शाळेत माझ्या जागी आलेल्या बाईंचा अधूनमधून फोन येतो. अव्वा अजून खिचडी करतात, असं त्या सांगतात. मठाचं विचारायचा मला धीर होत नाही.