चढावर थांबलेली गाडी

रोलर कोस्टरमध्ये मी नेहमी शेवटच्या डब्यात बसते. नवखी माणसं पुढच्या डब्यासाठी धक्काबुक्की करतात, कारण पुढून सगळं दिसतं. पण गाडी शिखर ओलांडते तेव्हा पुढचा डबा माथ्यावर जरा रेंगाळतो, कारण मागचे डबे अजून वर यायचे असतात. शेवटच्या डब्याला ही सवलत नाही. पुढचे सगळे मिळून त्याला खाली खेचतात, आणि आपण सीटवरून चक्क उचलले जातो. असं उचललं जाण्यासाठी मी रेल्वेने, बसने, भाड्याच्या गाडीने कुठे कुठे जाऊन आले आहे.

जळगावात माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावते, फ्रेमचे स्क्रू आवळून देते. दुकानात पाळण्यांचा विषय निघाला की गिऱ्हाईक मला खालपासून वरपर्यंत न्याहाळतं. या वयात? असं तोंडाने कुणी म्हणत नाही, पण डोळे तपासणं हाच माझा धंदा असल्यामुळे मला ते वाचता येतं. मी सरळ सांगते, काहींना ट्रेकिंग आवडतं, काहींना पैठण्या आवडतात, मला हे आवडतं.

याची सुरुवात भडगावला झाली. लहानपणी गिरणा नदीच्या काठी जत्रा भरायची आणि तिथे आकाशपाळणा यायचा. वरून खाली येताना पोटात जो खड्डा पडतो, त्याने माझी बहीण रडायची आणि मी हसायचे. एकदा उतरल्यावर मी पाळणेवाल्या काकांना विचारलं, "अजून जोरात फिरतो का हा?"

"फिरतो. पण तुझे वडील मला जोरात फिरवतील," ते म्हणाले.

लग्न होऊन मी धुळ्याजवळच्या एका शेतकरी घरात आले; दुकानासाठी आम्ही दोघं नंतर जळगावला राहायला गेलो. नवऱ्याला घरच्या झोपाळ्यावरसुद्धा गरगरतं. आमच्या पहिल्याच भेटीत त्याने हे सांगितलं होतं आणि मी माझं सांगितलं होतं, त्यामुळे फसवणूक कुणाचीच झाली नाही. आम्ही पार्कात गेलो की तो सावलीतला बाक धरतो, माझी पर्स, मोबाइल आणि चष्मा सांभाळतो, वडापाव खातो. सासरे, म्हणजे नाना, मात्र येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे की तिकीट काढून उलटी टांगून घेणारी सून आख्ख्या तालुक्यात फक्त आमच्याकडे आहे. मी त्यांच्याबरोबर हसायचे आणि पुढच्या सुट्टीचं रिझर्वेशन करायचे.

सासूबाई या थट्टेत कधी सामील झाल्या नाहीत. माझी बाजूही त्यांनी कधी घेतली नाही. त्या मुळातच कमी बोलत, आणि बोलल्या तर अहिराणीत.

काही वर्षांपूर्वी मुंबईकडचं एक लग्न उरकून आम्ही परत निघालो होतो. वाटेत एक मोठं पार्क लागत होतं. माझ्या हट्टाने सगळे तिथे थांबले. नाना आणि नणंदेची मुलं पाण्याच्या बाजूला गेली. सासूबाई माझ्या नवऱ्याबरोबर बाकावर बसल्या. समोरच निळ्या रुळांची मोठी कोस्टर होती. एक चक्कर मारून मी परत आले तेव्हा माझे केस पिंजारलेले होते आणि हसून हसून गाल दुखत होते.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बठ्ठा लोके आरडतस. तू हासस काब?"

"बाकीचे ओरडतात खरं. पण मी का हसते, काय माहीत, आई. आपोआप येतं."

त्यांनी एक अख्खी गाडी वर चढून खाली येईपर्यंत पाहिली. मग उठल्या, पदर कमरेला घट्ट खोचला आणि म्हणाल्या, "चाल. मी बी बठसू."

नवरा ताडकन उभा राहिला. "आई, नको. काहीतरी होईल." त्यांनी त्याच्या हातात आपली पिशवी दिली, वर चष्मा ठेवला आणि चालू लागल्या.

दारावरच्या मुलीने त्यांना बाजूला घेतलं. "आजी, बीपी, हार्ट, पाठीचं काही आहे का?"

"काहीच नही. साखर शे, पन ती काय खाले पडी जाई का?"

रांगेतली कॉलेजची पोरं खदखदून हसली. मुलीने त्यांच्या साडीचे घोळ नीट आत घालून दिले, मांडीवरची अडकवायची दांडी दोनदा ओढून पाहिली. मी त्यांना माझ्या शेजारी, शेवटच्या डब्यातच बसवलं होतं. पहिल्या वेळी मधला डबा बरा असतो, हे मला ठाऊक होतं. पण जी गोष्ट मला आवडते ती त्यांना पातळ करून द्यावी, असं मला वाटलं नाही.

गाडी हलली. साखळीने आम्हाला चढावर ओढायला सुरुवात केली, टक टक टक टक. निम्म्याहून जास्त चढ चढून झाला आणि गाडी थांबली.

आम्ही पाठीवर रेलल्यासारखे, तोंड आभाळाकडे करून बसलो होतो. आधी पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग शिट्ट्या थांबल्या. पुढच्या डब्यात कुणीतरी मुसमुसायला लागलं.

"काय व्हयनं?" सासूबाईंनी विचारलं.

"थांबली आहे, आई. आता ती टकटक ऐकली ना? खाली दात्यांची पट्टी असते. एकेका दात्यावर गाडी अडकत वर येते. त्यामुळे मागे जाऊच शकत नाही. आपण इथे घरच्या खाटेइतके सुरक्षित आहोत."

हे मी मोठ्याने बोलले, पुढच्या डब्यांनाही ऐकू जाईल असं. मुसमुसणं कमी झालं. एका मुलाने मान वळवून विचारलं, "नक्की ना, काकू?"

"नक्की," मी म्हणाले. मला खरंच भीती वाटत नव्हती. इतकी वर्षं या गाड्या कशा चालतात हे वाचत आणि पाहत आले होते. घरातल्यांना वेडेपणा वाटणारी ती माहिती त्या चढावर कामाला आली, याचा मला मनातून आनंदच झाला.

रुळाच्या कडेच्या अरुंद पायऱ्यांवरून दोन कर्मचारी चढून आले. त्यांनी प्रत्येक दांडी हलवून पाहिली. त्यातला एक म्हणाला, सेन्सरने गाडी थांबवली आहे, तपासून परत सुरू करू. पण वेळ लागला तर या पायऱ्यांनी उतरावं लागेल.

सासूबाईंनी पायऱ्यांकडे पाहिलं. त्यांचे गुडघे अनेक वर्षांपासून दुखतात. "ह्या पायऱ्या माले जमाऊ नहीत, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू गाडीच सोड."

सगळी गाडी हसली. तो भाऊसुद्धा हसला.

थोड्या वेळाने खालून इशारा झाला, साखळी कुरकुरली आणि टकटक पुन्हा सुरू झाली. शिखर आलं. पुढचे डबे दिसेनासे झाले, आणि मग आम्ही दोघी उचलल्या गेलो. माझ्या शेजारून ओरडण्याचा आवाज आला नाही. मी वळून पाहिलं, तर त्या डोळे सताड उघडे ठेवून हसत होत्या. घरात इतक्या वर्षांत मी त्यांना तशा हसताना पाहिलं नव्हतं.

खाली उतरल्यावर त्यांनी माझा दंड धरला. मला वाटलं, पाणी मागतील.

"परत बठूत," त्या म्हणाल्या.

आम्ही परत बसलो. नवऱ्याने दुसरा वडापाव घेतला.

तेव्हापासून आम्ही दोघी मिळून बऱ्याच ठिकाणी गेलो आहोत. दक्षिणेतल्या एका पार्कात उतरणीवर कॅमेऱ्याने फोटो काढला होता. त्यात सासूबाईंचं कुंकू पसरलेलं आहे आणि दोन्ही हात हवेत आहेत. त्यांनी तो फ्रेम करायला लावला. तो आता गावच्या घरात, पुढच्या खोलीत लावलेला आहे. पाहुणे आले की नाना स्वतः उठून तो दाखवतात, पण कोस्टरमध्ये बसायचं मात्र नाव काढत नाहीत. सासूबाईंनी त्यांना सांगून टाकलं आहे की सोबत आलात तर पिशव्या धरायला या, तिथे आधीच एक जण बसलेला असतो.