खामफानचा डावा खांदा

कावड वाहणारा माणूस खांदा बदलतो. उजवा दुखला की डावा, डावा दुखला की उजवा, चालता चालता, न थांबता. थायलंडच्या ईशान्येला, आमच्या ईसानात, हे शेंबड्या पोरालाही जमतं. माझा नवरा खामफान एकतीस वर्षं भाजलेली अंडी विकत हिंडला, पण कावड कधी आपणहून डाव्या खांद्यावर घेतली नाही त्याने. शंभर पावलं झाली की खाली टेकवायचा. एका टोकाला निखाऱ्यांची शेगडी, दुसऱ्या टोकाला अंड्यांची टोपली आणि मधे हा उकिडवा बसलेला.

मी त्याला आळशी म्हणायचे. तोंडावर, चारचौघांत. बाजारातल्या बायकांनी त्याचं नाव बसोबा ठेवलं, तेव्हा सगळ्यात जास्त मीच हसले. त्याचा डावा खांदा उतरता होता. एकाच बाजूने वाहून वाहून वाकडा झालास, असं मी त्याला ऐकवायचे.

एका सणाला तर मी कहर केला. सगळ्यांसमोर कावड उचलून त्याच्या डाव्या खांद्यावर ठेवली आणि म्हटलं, "कळू दे लोकांना, नवरा केलाय की ओझं." तो गेला. विहारापर्यंत कुठेही न टेकवता गेला. संध्याकाळी पाहिलं तर खांद्याची साल निघाली होती. बाम चोळताना मी म्हटलं, नाटकं पुरे. तो म्हणाला, "गार वाटतंय गं."

म्हातारपणी त्याने देहदानाचा फॉर्म भरला. मेल्यावर तरी कुणाच्या कामी येईन, म्हणाला. मी म्हटलं, जिवंतपणी आला असतास तर बरं झालं असतं.

शहरातल्या मेडिकल कॉलेजात देह दिलेल्या माणसाला मुलं थोरले गुरुजी म्हणतात, रोज हात जोडून मगच सुरी लावतात. तो गेल्यावर दोन वर्षांनी, अग्नी द्यायच्या दिवशी, ओरानुत नावाची विद्यार्थिनी माझ्यापाशी गुडघ्यांवर बसली. गुरुजींचा डावा खांदा अभ्यासाला तिच्याकडे होता, म्हणाली. एक स्नायू सापडेना, तेव्हा तूच कापून हरवलास म्हणून सरांनी तिला झापलं. टेबलाखालच्या डब्यात गुरुजींचा कण न् कण जपतात, सगळं एकत्रच अग्नीला द्यायचं म्हणून. तो डबा तिने रडत रडत दोनदा उपसला. शेवटी सरांनी स्वतः पाहिलं आणि तिची माफी मागितली.

"तो स्नायू नव्हताच, आजी. जन्मापासूनच नव्हता. क्वचित असतं असं कुणाचं."

"कुठला?"

तिने माझ्या मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या मांसावर हात ठेवला.

"इथेच तर कावड बसते," मी म्हटलं. "मग त्याची कशावर बसत होती?"

तिने मान खाली घातली. "हाडावर."

मी हबकलेच. भिक्खूंचं पठण चालू होतं, त्यातलं एक अक्षर कानांत शिरेना. त्याने मला कधी सांगितलं नाही, कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं मी त्याला आळशी म्हटलं, त्यानेही तेच खरं मानलं असणार. या तोंडाने मी काय करून बसले.

अस्थींची पिशवी मी डाव्या खांद्यावर अडकवली. पट्टा हाडात रुतत होता. ओरानुत म्हणाली, आजी, खांदा बदला. बसस्टँडपर्यंत मी बदलला नाही.