दोनशे बारा नंबरची रेकॉर्ड

कुठलाही छापील कागद हातात आला की काका तो आधी उलटा करत. मागची बाजू वाचत, मग पुढची, मग चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "काय गाळलं जी?" औषधाचं खोकं, हॉटेलचं मेन्यूकार्ड, मंडळाच्या गणेशोत्सवाची पत्रिका, सगळ्यांना हाच प्रश्न. काका मूळचे नागपूरचे, त्यामुळे शेवटचा 'जी' आदराचा होता. प्रश्न मात्र आदराचा नव्हता.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्यापुढे आपण काहीही लपवलेलं नसलं तरी खिसे चाचपून पाहावेसे वाटतात.

अमेरिकेत, हर्नडनला आमची घरं एकाच ओळीत होती, मध्ये तीन दारं. काका टेलिफोन कंपनीतून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून एकटे. मी आधी पुण्यात आणि मग इथे वर्तमानपत्रांत काम केलेलं. ते मला 'बातमीदार' म्हणत. मी बातमीदार कधीच नव्हतो, इतरांच्या बातम्या तपासून कापायचो, असं एकदा सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे गाळणारे तुम्हीच."

पहिल्यांदा ते माझ्याकडे आले ते मंडळाची स्मरणिका घेऊन. तिच्यात आजवरच्या सर्व अध्यक्षांचे फोटो होते. सर्व नव्हते. भांडून राजीनामा दिलेले एक गृहस्थ गायब होते, आणि ते काकांच्या दहा मिनिटांत लक्षात आलं होतं. त्या गृहस्थांशी त्यांचं स्वतःचंही पटत नव्हतं. तरीही दोन महिने ते कमिटीच्या मागे लागले होते.

त्या सुमारास मी एका छोट्या रेकॉर्ड कंपनीसाठी मजकूर तपासायचं काम करत होतो. कंपनी जमैकाच्या एका गायकाचा संच काढत होती. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, सोबत एक पुस्तिका. या संगीताला डान्सहॉल म्हणतात. ठेका आधीच तयार असतो आणि त्यावर एक माणूस अर्धं गात, अर्धं बोलत सुटतो, तेही जमैकाच्या खास इंग्रजीत. छोट्या रेकॉर्डच्या पुढच्या बाजूला गाणं असतं, मागच्या बाजूला नुसता ठेका. मला यातलं काही माहीत नव्हतं. एका सकाळी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना मी काकांना सहज हे सांगितलं. त्यांनी गायकाचं नाव विचारलं आणि म्हणाले, "त्याच्या पहिल्या सहा रेकॉर्डी तुमच्या कंपनीकडे नसतील. माझ्याकडे आहेत."

माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी ते चार खोकी घेऊन आले. न्यू यॉर्कमधल्या सुरुवातीच्या वर्षांत ते एका जमैकन सहकाऱ्याच्या गाडीतून कामावर जात, तिथे हा नाद लागला. पुढे तीसेक वर्षं ते रेकॉर्डी विकत घेत राहिले. प्रत्येक कव्हरवर नंबर, खरेदीची तारीख, दुकान, आणि घड्याळ लावून मोजलेले मिनिटाचे ठोके. शब्दांबद्दल विचारलं तर म्हणत, "शब्दांशी मला काय करायचं? ठेका ऐका. मी मागचीच बाजू लावतो."

संशय घेणं हे माझं कामच होतं. मी दुकानांची नावं जुन्या डिरेक्टरीत शोधली, तारखा कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. सगळं जुळत होतं. इतकं जुळलेलं पाहून संशय वाढतो, हे माझ्या धंद्यातल्या कोणालाही पटेल. फक्त एके ठिकाणी जुळेना. दोनशे अकरा नंबरच्या रेकॉर्डनंतर एकदम दोनशे तेरा होती. मी विचारलं. "मोजताना चुकलं असेल," ते म्हणाले. हा माणूस गाण्याचे ठोके घड्याळ लावून मोजत असे. मी ते टिपून ठेवलं.

संचाची संपादक किंग्स्टनमध्ये वाढलेली होती. तिने एक गाणं घ्यायचं नाही असं सुरुवातीलाच ठरवलं होतं. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांचं काय करावं, ते या गाण्यात सांगितलं होतं, हसत हसत आणि फार छान ठेक्यावर. ते पुन्हा विकायला मी माझं नाव देणार नाही, एवढंच ती म्हणाली. कोणी वाद घातला नाही. मुखपृष्ठावर मात्र 'संपूर्ण' असं छापलं जाणार होतं.

रेकॉर्डी काकांच्या होत्या म्हणून गाण्यांच्या यादीचं प्रूफ मी त्यांना दाखवलं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी त्या गाण्याचं सांगितलं. त्यांनी प्रूफ टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, ते गाणं घ्यायलाच पाहिजे. कारण? मुखपृष्ठावर संपूर्ण म्हटलंय ना. मी म्हटलं, तो शब्द बदलता येईल.

"शब्द बदलू नका. गाणं घ्या."

त्या आठवड्यात ते तीनदा आले. अशी गाणी हवीत म्हणून कंपनीला पत्रं येत असत. आधी इतिहास, मग संपूर्णता, मग स्वातंत्र्य, अशी त्या पत्रांतली कारणं मला पाठ झाली होती. काकाही तीच कारणं त्याच क्रमाने देत होते. त्यांना ते गाणं आवडत असावं अशी माझी खात्री होत चालली. मी कचऱ्याचे डबे आदल्या संध्याकाळीच बाहेर ठेवायला लागलो.

रेकॉर्डी परत करायला मात्र जावंच लागलं. शनिवारची दुपार होती. खोकी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "काका, दोनशे बारा. काय गाळलं?"

ते उठून आत गेले. जुने पासपोर्ट आणि ग्रीन कार्डाची कागदपत्रं ठेवायची एक फाइल घेऊन आले आणि तिच्यातून एक छोटी रेकॉर्ड काढली. कव्हरवर २१२, आणि गाणं तेच, संचातून वगळलेलं. मी ती उजेडात धरली. मागची बाजू कोरी करकरीत होती. पुढची, गाण्याची बाजू घासून पांढुरकी झाली होती.

मग ते बोलले. आवाज अजिबात न बदलता, एखाद्या यंत्रात काय बिघडलं होतं ते सांगावं तसं.

हे गाणं घरी रेकॉर्डवर आणि गाडीत कॅसेटवर सतत चालू असायचं. मंडळाच्या पिकनिकला त्यावर मुलांचा डान्स बसवला होता, कॅसेट काकांनीच नेली होती. कोणाला एक अक्षर कळत नव्हतं. त्यांचा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. शाळेत त्याचे जमैकन मित्र होते, त्याला प्रत्येक शब्द कळायचा. गाडीत तो मागून म्हणायचा, "बाबा, प्लीज, नेक्स्ट." काकांना वाटायचं, पोराला बापाची आवड लाजिरवाणी वाटते.

"मी मुद्दाम आवाज वाढवायचो. गंमत म्हणून. दोन उन्हाळे."

सव्विसाव्या वर्षी मुलाने घरी सांगितलं की आपलं प्रेम पुरुषांवर आहे. शब्दाला शब्द वाढत गेला आणि त्यात त्याने हे गाणं काढलं. काका म्हणाले, असं गाणंच नाही, तो गायक नाचगाण्याचं गातो, तू बनवून सांगतोस. मुलगा त्याच दिवशी घर सोडून गेला. दोन दिवसांनी काकांनी रेकॉर्ड जुन्या सहकाऱ्याकडे नेली आणि शब्द विचारले. त्याने खिडकीकडे बघत सांगितले. घरी येऊन काकांनी दोनशे बारा नंबर खोक्यातून काढून टाकला.

"नंतर तो फोन घेत नव्हता, हे खरं आहे," काका म्हणाले. "पण पहिला महिना मी फोन केलाच नव्हता. हेही लिहून घ्या."

मी काहीच लिहून घेत नव्हतो.

"आता तुमचा संच येईल. तो बघणार. माझाच मुलगा आहे, यादी तपासणार. गाणं आहे हे त्याला ठाऊक आहे. पण बाप नाही म्हणाला होता, आता छापलेलंही नाही म्हणतंय, असं होईल. मी खरा ठरेन. मला खरं ठरायचं नाही."

मी म्हटलं, मग तसं पत्र लिहा. ते म्हणाले, पत्रात बाप काहीही लिहितो.

त्यांना विचारून मी सगळं संपादकाला सांगितलं. गाणं येणार नाही, या मतावर ती ठाम राहिली. पण 'संपूर्ण' हा शब्द तिने काढला, आणि पुस्तिकेच्या शेवटी गायकाच्या सगळ्या गाण्यांची यादी होती, तिच्यात या गाण्याचं नाव घालून खाली एक टीप द्यायला सांगितलं. टीप मी लिहिली. समलिंगी पुरुषांबद्दल आक्षेपार्ह वाटू शकेल असा मजकूर असल्याने हे गाणं वगळलं आहे, असा तिचा आशय होता. वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं अशीच वाक्यं लिहून मी सुरक्षित राहिलो होतो.

काकांनी हिरवं पेन काढलं. "वाटू शकेल काय जी? मारा म्हणतो तो." त्यांनी ते शब्द खोडून वर 'ठार मारा असं सांगणारं' एवढंच लिहिलं. मग खाली एक वाक्य घातलं: हे गाणं शब्द न कळणाऱ्या लोकांनी कौटुंबिक सहलींत, मुलांसमोरही वाजवलं. संपादकाने फोनवर विचारलं, याला आधार कोणाचा? काका म्हणाले, "मी वाजवलं." वाक्य राहिलं.

संच आला. काकांनी एक प्रत सिएटलला मुलाकडे पाठवली. काही उत्तर आलं का, असं मी विचारलं तर म्हणाले, पोस्ट स्लो आहे. महिन्याभराने पुन्हा विचारलं, तेव्हाही पोस्ट स्लोच होतं. त्यांनी प्रत खरंच पाठवली का, अशी शंका मला आली. मी पुढे विचारलं नाही.

फेब्रुवारीत काका गेले. मी तेव्हा पुण्यात होतो. परत आलो तर त्यांच्या घरापुढे विक्रीची पाटी होती आणि खिडक्यांना पडदे नव्हते.

एप्रिलमध्ये फोन आला. मुलगा बोलत होता. पुस्तिकेत छापलेल्या नावावरून त्याने माझा नंबर शोधला होता. तो बराच वेळ इंग्रजीत बोलला, फार सभ्यपणे. सदतिसाव्या पानावरचं सहलीचं वाक्य कोणी लिहिलं, एवढंच त्याला हवं होतं. मी म्हटलं, तुझ्या वडिलांनी. मग तो मराठीत आला, एकेक शब्द शोधत.

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय का तुम्ही?"

"नाही."

"काही पुरावा आहे?"

प्रूफ माझ्याकडे होतं. हिरव्या पेनाने खोडलेलं, समासात 'पान ३७, ठीक' अशी काकांची नोंद आणि खाली सही. स्कॅन करून लगेच पाठवतो म्हटलं. तो म्हणाला, स्कॅन नको, स्कॅनमध्ये काहीही करता येतं. मूळ कागद पाठवा.

मी तो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. आठ दिवसांनी मेसेज आला, मराठीत, पण रोमन अक्षरांत.

"मिळाला. ३७ मधला सात असा फक्त बाबाच काढतात."