चौथा स्क्रू

"अजून एकदा बघू," असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवत आणि नाक जवळजवळ पडद्याला टेकवून सीटी स्कॅन पाहत. तोवर चहावर साय धरलेली असे. ती बोटाने बाजूला करून तो थंड चहा ते एका घोटात पीत आणि पुन्हा म्हणत, "अजून एकदा." सरांना गरम चहा पाजणारीला बक्षीस लावायचं, असं आमच्या सिस्टर आपसात म्हणत.

रत्नागिरीतल्या ज्या रुग्णालयात मी भूलतज्ज्ञ आहे, तिथे ते मणक्यांचे सर्जन होते. मूळचे राजापूरकडचे, बरीच वर्षं मुंबईत काढून परतलेले. आमच्याशी अगदी पुस्तकी मराठी बोलत. आजारी लेकराला घेऊन खेड्यातून आलेल्या आईसमोर मात्र त्यांचा सूरच बदले. "घाबरू नको गो बाय, बस आधी," एवढं म्हटलं की ती बाई डोळे पुसून नीट सांगायला लागे. असे डॉक्टर तुम्हीही एखाददुसरे पाहिले असतील.

स्वराची आई अशीच आली. स्वरा सहा वर्षांची. हातातून पेन्सिल गळायची, अंगणात चालता चालता पडायची. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा जन्मापासून सैल होता आणि आता मज्जारज्जू दाबला जात होता. ते दोन मणके स्क्रूंनी बांधायचे आणि त्यांच्यामध्ये हाड धरून ते एकजीव होऊ द्यायचे, हा उपाय. पण एवढ्याशा मुलीचं हाड असून किती असणार? स्क्रूपेक्षा जेमतेम रुंद. त्याच्या आतल्या अंगाला मज्जारज्जू, बाहेरच्या अंगाला मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी. स्वराची डावीकडची रक्तवाहिनी तर नेहमीपेक्षा वर चढलेली होती.

"डॉक्टरांनू, बरी होईल ना?" आईने विचारलं.

"धोका आहे, तो तुझ्यापासून लपवणार नाही. पण काही केलं नाही, तर धोका त्याहून मोठा आहे."

ऑपरेशनच्या दिवशी मी स्वराला भूल दिली. उजवीकडचे दोन स्क्रू व्यवस्थित बसले. डावीकडचा वरचाही बसला. राहिला चौथा. त्यांनी हाताने हळूहळू भोक पाडायला घेतलं, मग थांबून बारीक सळीने आतली भिंत चाचपली. बराच वेळ चाचपत राहिले. मी मॉनिटरवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"सर, जाईल अजून," मदतीला आलेले तरुण सर्जन म्हणाले.

"जाईल. पण कुठे जाईल?"

त्यांनी अवजार खाली ठेवलं, भोक रक्त थांबवणाऱ्या मेणाने बुजवलं. त्या बाजूचे मणके तारेने बांधून, तिच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून त्यांच्यावर नीट रचला. चौथा स्क्रू तसाच ट्रेमध्ये राहिला.

दुसऱ्या सकाळी स्वराचे वडील मुंबईहून पोचले. तिथे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की चार स्क्रू लागतात. त्यांनी एक्स-रे पाहिला आणि त्यांचा आवाज चढला. "तीनच? माझ्या पोरीचं काम अर्धं टाकलंत तुम्ही?"

मला वाटलं, सर रागावतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, कागदावर मणका काढला, रक्तवाहिनी लाल पेनाने दाखवली. "चौथा घातला असता तर फोटो छान आला असता. पण ही फाटली असती, तर मी तुमच्याशी आज वेगळंच बोलत असतो. आता तिला मानेचा कडक पट्टा जास्त दिवस घालावा लागेल. आणि हाड धरलं नाही, तर पुन्हा ऑपरेशन. तो निर्णय माझा आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवा."

वडिलांनी तो कागद घडी करून खिशात घातला. पण त्यांची समजूत पटलेली नव्हती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

मग उन्हाळा आला. गळ्याभोवती पट्टा आणि घामाच्या धारा. हनुवटीखाली चट्टे उठले. सर रविवारी स्वतः गाडी काढून त्यांच्या गावी जात. मी एकदा बरोबर गेले. स्वराची आई जुन्या सुती लुगड्याच्या घड्या पट्ट्याच्या आत बसवत होती आणि सर शेजारी पाटावर बसून घडी कशी बसते ते पाहत होते. परतताना मी विचारलं, "काळजी वाटते?" ते म्हणाले, "झोप लागत नाही."

पावसाळा सरता सरता स्कॅन झाला. त्यांनी तो किती वेळा पाहिला, देव जाणे. मग चष्मा उतरवला. "धरलंय," एवढंच म्हणाले. वडील वाकले, तसे ते चटकन मागे सरले. "माझ्या नको. तिच्या आवशीच्या पाया पड. पट्टा तिने सांभाळला."

पुढे एक दिवस त्यांनी आम्हाला सांगितलं की उजव्या हाताला बारीक कंप येतोय. आमच्यापैकी कुणालाच तो दिसला नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी ऑपरेशनला हात लावला नाही. तपासायला तेवढे येत राहिले. गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराने गेले.

परवा स्वरा वार्षिक तपासणीला आली. त्यांच्या जागी नवे डॉक्टर बसले होते. "ते आजोबा कुठे आहेत?" तिने मला विचारलं. मी सांगितलं. ती आईचा हात सोडून दाराकडे निघाली. मी मागून हाक मारली. तिची मान पूर्ण वळत नाही. ती खांद्यांसकट सगळीच्या सगळी माझ्याकडे वळली, जराशी हसली आणि जिना उतरू लागली.

"धावू नको गो!" आई ओरडली.

पण ती केव्हाच धावत खाली पोचली होती.