छातीवरची हाडं

गिरगावात बिऱ्हाड केलं तेव्हा मी एका संग्रहालयात चित्रं काढायच्या नोकरीवर नुकताच लागलो होतो. माशांचं काम पाहणारे डॉक्टर आवाज कधी चढवत नसत, पण चूक विसरतही नसत.

एका शनिवारी दुपारी त्यांनी दक्षिण अमेरिकेहून आलेली बरणी माझ्यापुढे ठेवली. आत स्पिरिटमध्ये दोन मासे होते. गोड्या पाण्यातले, वीतभर लांब, तोंडाशी मिशा. खवले नव्हतेच; दोन्ही कुशींवर हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा, कौलं बसवावीत तशा. बरणीवर डकवलेल्या चिठ्ठीवर प्रजातीचं नाव होतं, 'कॅलिक्थिस'.

"या प्रजातीत छातीची हाडं कातडीखाली झाकलेली असतात," डॉक्टर म्हणाले. "चित्रात ते नीट दिसू द्या."

ते गेल्यावर मी एक मासा काढला, अंगावरचा चिकट थर फडक्यानं पुसला आणि त्याला उताणा केला. छातीवर दोन हाडं चक्क उघडी. मीच कातडी पुसून काढली की काय? तेवढ्यात कपाटांना कुलपं लावायची वेळ झाली. मासा बरणीत सोडून मी कुणाशी न बोलता घरी आलो.

रविवारी बायको बांगडे साफ करत होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"फडक्यानं पुसली तर माशाची कातडी निघते का गं?"

"जोरात घासली तर निघेल. पण कड फाटकी राहते. का हो?"

मी सगळं सांगितलं. कड कशी होती, तेच मला आठवेना. जेवण गेलं नाही. नोकरी सुटली तर गावी काय कळवायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत बसलो.

"उद्या गेल्या गेल्या सांगून टाका," ती म्हणाली.

सोमवारी सांगितलं. डॉक्टरांनी भिंगातून ती छाती बराच वेळ पाहिली. मग चिमट्यानं दुसरा मासा काढला. त्याला मी हातही लावला नव्हता. त्याचीही हाडं उघडीच होती.

"तुम्ही काही बिघडवलेलं नाही," ते म्हणाले. "चिठ्ठी लिहिणाऱ्यानं मासा उलटून पाहिला नाही. ही प्रजातीच वेगळी. हॉप्लोस्टर्नम. हिच्यात ही हाडं उघडीच असतात."

त्यांनी जुनं नाव खोडून नवं लिहिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "शनिवारीच का नाही सांगितलंत?"

मी दुसरा मासा उताणा ठेवून पेन्सिल उचलली. छातीची हाडं जमेपर्यंत दोन कागद वाया गेले.