मान सरळ, नजर समोर

आमच्या धंद्यात मशीन दुरुस्त होतं आणि माणसं विसरून जातात. किस्सा मात्र माझ्याच गळ्यात पडतो. घरी जाऊन कुणाला सांगावा, तर घरी कुणी नाही. मग तो तसाच राहतो, त्यावर दुसरा येऊन बसतो, आणि आता डोक्यात इतकी गर्दी झालीय की म्हटलं, तुम्हालाच सांगून टाकावं.

तर मी दातांच्या एक्स-रे मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर. एका दाताचा फोटो काढणारं छोटं मशीन नव्हे. त्यात पेशंट उभा राहतो, हनुवटी टेकवतो, दातांत एक खुंटी धरतो, आणि मशीनचा हात त्याच्या डोक्याभोवती सावकाश फिरतो. मग या कानापासून त्या कानापर्यंतचा अख्खा जबडा एका फोटोत दिसतो. त्याला ओपीजी म्हणतात. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके माझ्याकडे. राहायला शहापुरात भाड्याची खोली, फिरायला बाईक.

बायको जाऊन काही वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला नोकरी करते. एकटेपणाचं फार कौतुक करू नये असं मी ठरवलंय, पण आहे ते आहे. संध्याकाळी कुलूप उघडताना सर्वांत जास्त जाणवतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. गेल्या दिवाळीपासून माझ्या उजव्या गालात, जबड्याच्या कोपऱ्यात एक गाठ लागत होती. रोज दुसऱ्यांचे जबडे सरळ करणारा मी, पण स्वतः त्या मशीनमध्ये उभं राहायची हिंमत होत नव्हती. फोटोत नको ते दिसलं तर सांगायचं कुणाला, हा खरा प्रश्न होता.

*

माझ्याकडे वामनराव असतात. वामनराव म्हणजे प्लास्टिकचं डोकं. बाहेरून पारदर्शक, आत हाडासारखा जबडा आणि पूर्ण दात. मशीनचा नेम बरोबर आहे का ते बघायला पेशंटच्या जागी त्यांना बसवतो आणि फोटो काढतो. ते हलत नाहीत, बोलत नाहीत, श्वाससुद्धा घेत नाहीत. असा पेशंट मिळायला भाग्य लागतं!

एकदा टोकावड्याच्या अलीकडे नाकाबंदी होती. हवालदारांनी बॅग उघडायला लावली. मी चेन ओढली आणि वामनराव त्यांच्याकडे बघून हसले.

हवालदार दोन पावलं मागे. "ह्ये काय हाय?"

"पेशंट आहे साहेब."

"बाकीचा कुठाय?"

मग अर्धा तास मी रस्त्याच्या कडेला ओपीजी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आयकार्ड दाखवलं, डॉक्टरांना फोन लावून दिला. साहेबांचं समाधान झालं. मला वाटलं, आता सोडतील. तर त्यांनी इकडेतिकडे बघितलं, टोपी काढली आणि माझ्यासमोर आ करून उभे राहिले.

"आलाच हायस तर ही मागची दाढ बघ जरा!"

मी म्हटलं, साहेब, मी डॉक्टर नाही. ते म्हणाले, "डॉक्टर नायस, मग मुंडकं कशापायी घेऊन फिरतोस?" मी मोबाइलच्या उजेडात त्यांची दाढ बघितली आणि मुरबाडच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. निघताना त्यांनी माझ्या गालाकडे बोट केलं. "आनि तुजं काय सुजलंय?" मी हेल्मेट घातलं.

*

त्याच रस्त्यावर एका ढाब्यावर मी जेवायला थांबतो. बॅग उन्हात बाईकवर ठेवली तर प्लास्टिक वाकडं होईल, म्हणून वामनराव समोरच्या खुर्चीवर. त्या दिवशी नाकाबंदीमुळे बॅगेची चेन तुटलेली, त्यामुळे डोकं बाहेर. वेटर आला, एक ग्लास माझ्यापुढे ठेवला, एक त्यांच्यापुढे.

"ह्यांना काय आनू?"

मी म्हटलं, "त्यांचा उपास आहे."

"मंग साबुदाना वडा हाय ना!" असं म्हणून तो पठ्ठ्या आत ओरडलासुद्धा. वडा आला. मी डाव्या बाजूनं चावत चावत दोघांचं जेवण संपवलं. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी माझ्या टेबलावर दोन ताटं आली होती, म्हणून मी परत पाठवलं नाही.

*

शहापूरच्या डॉक्टरांचा एकदा घाबरा फोन आला. "ताबडतोब या. मशीन एकाच्या जागी दोन दाखवतंय!"

गेलो. पेशंट शेतावरची बाई, सोबत नवरा, सासू आणि दोन जावा. आमच्या मशीनमध्ये उभं राहण्याआधी अंगावरचं सगळं धातूचं काढावं लागतं. हिनं सगळं काढलं होतं, पण एका कानातली कुडी लग्नापासून कधी निघालीच नव्हती. सासू म्हणाली, राहू द्या एक. डॉक्टर म्हणाले, बरं. आणि फोटोत दोन कुड्या! एक कानाशी स्पष्ट, दुसरी पलीकडच्या बाजूला, थोडी वर, धूसर.

मी सांगितलं की मशीन ठणठणीत आहे. हात फिरताना धातूची सावली पलीकडच्या बाजूलाही पडते, आम्ही तिला भूत म्हणतो. सासूनं भूत ऐकलं मात्र, लगेच सुनेला मागं ओढलं. नवरा मात्र फोटोकडे टक लावून उभा होता. बायकोच्या कानाकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं, आणि डॉक्टरांना हळूच म्हणाला,

"डॉक्टर, उद्या हिला पाटल्या घालून आनतो!"

*

याच दवाखान्यात मशीन रोज दुपारी बंद पडायचं. सकाळी व्यवस्थित, संध्याकाळी व्यवस्थित, दुपारी मधेच हात थांबायचा आणि पडद्यावर एरर. मी बोर्ड बदलला, वायर बदलली, काही फरक नाही. शेवटी बाकावर पेशंटसारखा दिवसभर बसून राहिलो. बसायला मला काही अडचण नव्हती, खोलीवर जाऊन तरी काय करणार होतो!

दुपार झाली आणि शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. दवाखान्यातला पंखा मंदावला, ट्यूब मिचमिचली आणि मशीन बसलं. चोर सापडला. मोठा स्टॅबिलायझर येईपर्यंत गिरणी थोडी पुढेमागे करता येईल का, असं विचारायला मी शेजारी गेलो.

गिरणीवाले पिठानं पांढरेफटक. शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे माज्या गिरनीपायी दातांचा फोटो निघंना?"

"हो काका."

"आनि मी दळायचं थांबवलं, तर लोकांना दात लागनार कशाला?"

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी स्टॅबिलायझर बसवला. काकांनी मला मूठभर भाजलेले चणे दिले होते, ते मी खिशात घालून घरी आणले. चावता येत नव्हते, पण नको म्हणवेना.

*

मुरबाडला डॉक्टर स्नेहल यांचा दवाखाना आहे. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण मला दटावतात आईसारखं. त्यांच्याकडे एक म्हातारे बाबा दाढ दुखते म्हणून आले. फोटो काढायला उभे केले. मशीनचा हात डोक्याभोवती फिरला, टुंटुं वाजला, थांबला. बाबा बाहेर आले, मशीनला हात जोडले आणि डॉक्टरांना न भेटताच घरी गेले.

महिन्यानं परत हजर. डॉक्टर म्हणाल्या, "बाबा, त्या दिवशी उपचार न घेताच गेलात!"

"घेतला की! गुन आला. आता ह्या अंगाची दुखतीय."

डॉक्टरांनी गोळ्या लिहायला घेतल्या, तर बाबांनी हात धरला. "गोळ्या ऱ्हाऊ द्या पोरी. एक डाव उतरवून टाक फक्त!"

मी तेव्हा तिथे स्क्रू आवळत बसलो होतो. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा, लोक स्वतःहून मशीनमध्ये उभे राहतात. तुम्ही कधी राहणार?" मी म्हटलं, पुढच्या व्हिजिटला. हे मी मागच्या व्हिजिटलाही म्हटलं होतं.

*

आता मुरबाडचाच शेवटचा.

डॉक्टर स्नेहल यांची तक्रार आली की फोटो वाकडे येतात. एका बाजूचे दात रुंद, दुसऱ्या बाजूचे बारीक. म्हणजे पेशंटची मान वळलेली. मी गेलो, मशीन लेव्हलला घेतलं, लाल प्रकाशाच्या रेषा जुळवल्या, वामनरावांना बसवलं. फोटो एकदम सरळ! मी परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा वाकडे. परत गेलो, वामनराव सरळ. असं तीनदा झालं. शेवटी मी खोलीबाहेर, शिशाच्या काचेच्या खिडकीपाशी उभा राहिलो आणि माणसं बघितली.

खोलीचं दार पेशंटच्या डाव्या हाताला. मंदाताई, म्हणजे डॉक्टरांची असिस्टंट, पेशंटला नीट उभं करायची, "मान सरळ, नजर समोर" म्हणायची, नातेवाइकांना बाहेर काढून दार लावायची आणि समोरच्या खिडकीपाशी येऊन बटण दाबायची. आमच्याकडे दवाखान्यात एकटं कुणी येतच नाही. एकाची दाढ दुखली तरी चार जण जीपमधून येतात. दार लागलं की दातांत खुंटी धरलेला तो माणूस हळूच दाराकडे वळायचा. आपली माणसं आहेत ना अजून, ते बघायला.

मी म्हटलं, मंदाताई, मशीनला काही झालेलं नाही. त्यांचं एक माणूस तुमच्या शेजारी या खिडकीत उभं करा, पेशंटला समोर दिसेल असं. केलं. फोटो सरळ यायला लागले. मी मिशीला पीळ दिला आणि बॅग भरायला घेतली.

"वामनराव बॅगेत," डॉक्टर म्हणाल्या, "आता तुम्ही आत."

माझ्याच बोलण्यात सापडलो. चष्मा काढला, हनुवटी टेकवली, खुंटी दातांत धरली, आरशात बघून रेषा स्वतः जुळवली. इतकं काटेकोर कुणी उभं राहिलं नसेल. मंदाताईनं सवयीनं विचारलं, "भाऊ, सोबत कोन हाय?"

मी हातानंच खूण केली, कुणी नाही, दाबा बटण.

दार लागलं. हात फिरला. गाठीचं काय निघणार, एवढंच डोक्यात होतं, हे कबूल करतो. खिडकीपाशी येऊन मी पडद्यावर बघितलं. एका बाजूचे दात रुंद, दुसऱ्या बाजूचे बारीक. गाठीची बाजू नेमकी पुसट.

"मशीन जरा..." मी म्हटलं.

"मशीन बरोबर हाय भाऊ," मंदाताई म्हणाली.

मंदाताई बाहेर बाकाकडे गेली आणि येताना एका आजीला घेऊन आली. धसईच्या पलीकडच्या वाडीवरची, कवळीसाठी आलेली. तिची सून बाजारात गेली होती आणि ती बसून कंटाळली होती. खिडकी तिच्या डोक्याच्या वर, म्हणून तिला स्टुलावर चढवलं. मी परत आत उभा राहिलो. काचेत तिचा बोळका चेहरा आला. तिनं काचेला दोन्ही तळवे लावले आणि पापणी न हलवता माझ्याकडे बघत राहिली. काचेतून आवाज येत नाही, पण ओठ कळत होते. हालू नको रे, मी हाय हितं.

दुसरा फोटो सरळ आला, वामनरावांसारखा.

डॉक्टरांनी तो मोठा करून गाठीच्या जागी बघितला. मग म्हणाल्या, "अक्कलदाढ आडवी झालीय आणि तिच्याभोवती पाण्याची पिशवी धरलीय. मला तरी वाईट काही वाटत नाही. पण ऑपरेशन करून काढायला हवी आणि तपासायला पाठवायला हवी. ठाण्याला जावं लागेल."

मी म्हटलं, जाईन.

"एकट्यानं नाही चालणार. भूल देतील. त्या दिवशी सोबत घरचं माणूस लागेल. कोण येईल?"

मुलीची रजा, तिचं ऑफिस, तिकीट, सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. मी चष्मा पुसायला लागलो. "बघतो," म्हटलं, "करतो काहीतरी."

आजी अजून स्टुलावरच होती. तिला कुणी उतरवलंच नव्हतं. मंदाताईच्या खांद्याला धरून ती वाकली आणि मला म्हणाली,

"बाजाराचा वार सोडून कंदी पन सांग!"